काकूंची एकदाणी आणि कलम १०८

एप्रिल २०२४ मधलं हे प्रकरण. पुसद तालुक्यातल्या एका गावच्या बाई, वय अठ्ठावन्न, शिक्षण चौथी, घरी कापूस-सोयाबीनची कोरडवाहू शेती. थोरला मुलगा आयटीआय करून शारजाला गेला, आता तिथे फोरमन आहे. त्याला मुलगी झाली म्हणून काकू जानेवारीत तिकडे गेल्या. तीन महिन्यांनी एकट्याच परतल्या, कारण महिनाअखेरीस धाकट्याचं लग्न होतं. त्याआधी त्यांचा सगळ्यात लांबचा प्रवास म्हणजे पंढरपूर. अंगावर त्यांची एकदाणी आणि दोन पाटल्या होत्या. पर्समध्ये रुमालात बांधलेला एक नवा गोफ होता, थोरल्याने नवरदेव भावासाठी घेऊन दिलेला.

विमान रात्री साडेनऊला उतरलं. काकू बाहेर आल्या पहाटे चारनंतर. धाकटा मुलगा रात्रभर गेटबाहेर उभा होता, त्याला कोणी काही सांगितलं नव्हतं. चारही दागिने आत राहिले. काकूंच्या हातात ते अडकवून ठेवल्याची एक पावती होती आणि आपण कशावर सह्या केल्या हे त्यांना सांगता येत नव्हतं.

मी पुसदला वकिली करते. हे प्रकरण माझ्याकडे चौथ्या दिवशी आलं. विमानतळाचं नाव मी लिहीत नाही, कारण असाच छापील कागद दुसऱ्या विमानतळावरही पुढे केला जाऊ शकतो. प्रकरण मात्र सविस्तर लिहिते आहे. आमच्या भागातली पोरं आखातात जातात, मागोमाग त्यांचे आईबाप नातवंडं बघायला जातात, आणि कस्टमच्या अधिकारांबद्दल गावात दोनच समजुती आहेत. एक, त्यांना विचारायचा काही अधिकार नाही, सगळं पैसे काढायला चालतं. दुसरी, ते म्हणतील तो कायदा. दोन्ही चुकीच्या आहेत, आणि काकूंचं नुकसान दुसऱ्या समजुतीने झालं.

कोणी काय विचारलं

काकूंच्या आठवणीत सगळे अधिकारी म्हणजे एकच 'साहेब लोक'. त्यांच्याकडून क्रम काढून घ्यायला बराच वेळ लागला, पण तो काढणं गरजेचं होतं. विमानतळावर प्रश्न विचारणाऱ्या प्रत्येकाचा अधिकार वेगळ्या कायद्यातून येतो आणि त्या कायद्यापाशीच संपतो.

पहिला प्रश्न इमिग्रेशनच्या काउंटरवर आला: किती दिवस होतात, कोणाकडे होतात. हे खातं केंद्रीय गृह मंत्रालयाखालचं. पासपोर्ट खरा आहे का, माणूस तोच आहे का, कोणी लुकआउट नोटीस काढली आहे का, एवढं बघणं त्यांचं काम. सोन्याशी त्यांचा संबंध नाही. इथे काकूंची दोन मिनिटांत सुटका झाली. (जाताना इमिग्रेशनला जास्त वेळ लागतो, विशेषतः दहावी न झालेल्या मजुरांना. १९८३च्या उत्प्रवास कायद्यानुसार त्यांना आखातासह अठरा देशांत नोकरीला जायचं तर आधी परवानगी लागते. तो वेगळा विषय आहे.)

सीआयएसएफचे, म्हणजे केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाचे, जवान विमानात चढण्याआधी अंगझडती घेतात. त्यांची तपासणी विमानाच्या सुरक्षेसाठी असते. तपासणी नाकारली तर ते विमानात चढू देणार नाहीत, काही संशयास्पद सापडलं तर पोलिसांच्या किंवा कस्टमच्या ताब्यात देतील. सोनं कुठून आणलं याचा जबाब नोंदवण्याचा अधिकार त्यांना नाही. काकू तर उतरून आल्या होत्या, त्यामुळे या प्रकरणात ते येतच नाहीत. काकू मात्र अजूनही 'बंदूकवाले' त्यांना घेऊन गेले असं सांगतात. त्या भीतीत कोण कोण होतं हे आता ठरवता येणार नाही.

मग आलं कस्टम, म्हणजे सीमाशुल्क खातं. इथे अधिकार खरोखर मोठे आहेत.

काकू हिरव्या मार्गाने चालत्या झाल्या. पुढची माणसं जात होती म्हणून त्याही गेल्या. या मार्गाने जाणं म्हणजे माझ्याकडे शुल्क भरण्यासारखं काही नाही असं सांगणं. १९६२च्या सीमाशुल्क कायद्याच्या कलम ७७ प्रमाणे सामानातल्या वस्तूंची माहिती प्रवाशाने स्वतःहून द्यायची असते. पर्समधला नवा गोफ सांगायला हवा होता. तो पंधरा ग्रॅमचा होता. सोन्याच्या दागिन्यांची शुल्कमाफी तेव्हा लागू असलेल्या २०१६च्या बॅगेज नियमांत एक वर्षाहून जास्त काळ परदेशात राहिलेल्यांनाच होती: पुरुषाला वीस ग्रॅम, बाईला चाळीस ग्रॅम, त्यावर किमतीचीही मर्यादा. तीन महिन्यांत परतलेल्या बाईला ती मिळत नाही. म्हणून त्यांना थांबवणं, पर्स उघडायला सांगणं, गोफ कुठला हे विचारणं, हे सगळं कायदेशीर होतं. हे मी काकूंच्या मुलाला पहिल्याच भेटीत स्पष्ट सांगितलं. त्याला ते आवडलं नाही.

अंगझडतीबद्दलही तक्रारीला जागा नव्हती. ती महिला अधिकाऱ्याने घेतली. बाईची झडती बाईनेच घ्यायची, हे कलम १०२ मध्ये आहे. त्याच कलमात आणखी दोन गोष्टी आहेत. आपल्याला राजपत्रित सीमाशुल्क अधिकाऱ्यासमोर किंवा दंडाधिकाऱ्यासमोर न्या, अशी मागणी माणूस करू शकतो. आणि झडतीच्या आधी दोन पंच बोलवावे लागतात. पंचांच्या सह्या आमच्या कागदांवर होत्या. ते पंच झडतीच्या वेळी खोलीत होते की नंतर आले, हे काकूंना आठवत नाही.

रात्रीचा जबाब

प्रकरण बिघडलं ते साडेदहानंतर, टेबल-खुर्चीच्या खोलीत.

कलम १०७ खाली अधिकार दिलेला अधिकारी चौकशीत कोणालाही प्रश्न विचारू शकतो आणि कागद मागू शकतो. कलम १०८ त्याच्या बरंच पुढे जातं. राजपत्रित अधिकारी समन्स काढून माणसाला बोलावू शकतो, आणि ज्याला बोलावलं त्याने खरं सांगणं बंधनकारक असतं. अधीक्षक राजपत्रित असतो, निरीक्षक नसतो, म्हणून समोर कोण बसलंय हे विचारून घ्यावं. ही चौकशी कायद्याच्या दृष्टीने न्यायालयीन कार्यवाही मानली जाते. खोटं बोललात तर खोट्या साक्षीचा गुन्हा: तेव्हा भारतीय दंड संहितेचं कलम १९३, जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं कलम २२९.

गावातल्या शिकलेल्या पोरांना वाटतं, पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब कोर्टात चालत नाही, तसा हाही चालणार नाही. चालतो. कस्टमचे अधिकारी पोलीस नव्हेत, असं सर्वोच्च न्यायालयाने १९६८ मध्ये रमेशचंद्र मेहता प्रकरणात ठरवलं. त्यामुळे त्यांच्यासमोरचा जबाब पुरावा म्हणून वापरता येतो. स्वतःविरुद्ध साक्ष न देण्याचा राज्यघटनेतला हक्क, अनुच्छेद २०(३), आरोपीला आहे, आणि नुसत्या चौकशीला बोलावलेला माणूस अजून आरोपी नसतो असंही त्याच निकालात आहे. अमली पदार्थांच्या कायद्यात २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने वेगळी भूमिका घेतली, तिथे अधिकाऱ्यासमोरची कबुली आता चालत नाही. सोन्याच्या प्रकरणात अजून चालते.

म्हणजे काकूंना गप्प राहता येत नव्हतं. वकीलही शेजारी बसवता आला नसता. पूलपांडी प्रकरणात १९९२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो हक्क नाकारला आहे. पुढे काही आदेशांत वकिलाला 'दिसेल पण ऐकू येणार नाही' इतक्या अंतरावर बसू देण्याची मुभा मिळाली, पण रात्री अकरा वाजता परगावच्या विमानतळावर पुसदचा वकील कुठून येणार?

मग त्यांच्या हातात काय उरलं होतं? जबाबाचा कागद. तो आपल्या भाषेत लिहा म्हणणं, स्वतःच्या हाताने लिहून देणं, वाचून दाखवल्याशिवाय सही न करणं, चुकीची ओळ खोडायला लावणं. तपास अधिकाऱ्याचे अधिकार कितीही मोठे असोत, माणूस जे बोलला नाही ते त्याच्या नावावर लिहिण्याचा अधिकार त्यांत नाही. माझ्या मते या प्रकरणाचा गाभा इथे आहे, आणि अपिलातही मी भर इथेच दिला.

काकूंनी जे सांगितलं असं त्या म्हणतात, ते असं: एकदाणी आणि पाटल्या माझ्या, लग्नानंतर घरधन्याने केलेल्या, गोफ नवा आहे, पोराने धाकट्यासाठी दिला. कागदावर जे इंग्रजीत उतरलं, ते असं: चारही दागिने मुलाने परदेशात विकत घेतले, ते भारतात आणून नफा मिळवण्याचा हेतू होता, माझी चूक मला मान्य आहे. खाली काकूंची मराठी सही, प्रत्येक पानावर. शेवटी छापील ओळ, की जबाब मला समजेल अशा भाषेत वाचून दाखवला. दुभाष्याचं नाव कुठेच नाही.

"मले वाटलं, सई करून टाकली का घरी जाऊ देतीन," काकू मला म्हणाल्या. "म्या खोटं काई बोलली नाई बाई. त्याईनं काय लिवलं ते मले काय मालूम?"

अटक करू, लग्न राहील बाजूला, असं कोणीतरी म्हणाल्याचंही त्या सांगतात. हे सिद्ध करणं अशक्य होतं, तरी कायदा नोंदवते. सामानातून आणलेल्या मालाच्या प्रकरणात बाजारभावाने पन्नास लाखांच्या खाली एरवी अटक करू नये, अशी सीमाशुल्क खात्याची २०२२ची मार्गदर्शक सूचना आहे. काकूंचं सगळं सोनं सत्तर ग्रॅम, तेव्हाच्या भावाने साडेचार लाखांच्या आसपास. जिथे अटक होणारच नव्हती, तिथे अटकेच्या भीतीने सही झाली. अधिकाराच्या जागी बसलेल्या माणसाने धमकी किंवा आमिष दाखवून घेतलेली कबुली पुराव्यातून बाद होते, हे पुराव्याच्या कायद्यात पूर्वीपासून आहे.

आणि वेळ. साडेदहा ते पहाटे साडेतीन. आदल्या रात्री मुलाच्या घरी सामान बांधत जागलेली, विमानात घाबरून काही न खाल्लेली बाई. योगायोग असा, की त्याच एप्रिलमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ईडीच्या एका प्रकरणात रात्रभर चाललेल्या जबाबावर कडक शब्दांत नापसंती दाखवली आणि झोप ही माणसाची मूलभूत गरज आहे, जबाब वेळेत घ्या असं सांगितलं. तो निकाल दुसऱ्या कायद्याखालचा होता, पण तिथेही समन्सची कार्यवाही अशीच न्यायालयीन मानली जाते. मी तो जोडला.

आणखी एक मुद्दा होता. काकूंना अटक केली नव्हती, म्हणून नातेवाइकाला कळवलं नाही, असं नंतर उत्तर आलं. अटक नव्हती तर त्या उठून बाहेर जाऊ शकत होत्या का? पासपोर्ट टेबलावर, पर्स टेबलावर, दार बंद. चौकशीसाठी कोंडून ठेवणं असा कायद्यात वेगळा प्रकार नाही, स्वातंत्र्य गेलं त्या क्षणी अटक सुरू झाली, असं मुंबई उच्च न्यायालयाने कस्टमच्याच एका जुन्या प्रकरणात म्हटलं आहे. धाकटा पोरगा काचेपलीकडे पाच-सहा तास उभा होता. एक निरोप बाहेर पाठवला असता तर चौकशीचं काय बिघडणार होतं, याचं उत्तर मला अजून कोणी दिलेलं नाही.

दुसरी सही

जबाबाखेरीज काकूंची आणखी एका कागदावर सही होती. मला लेखी कारणे दाखवा नोटीस नको, सुनावणी नको, असा छापील इंग्रजी मजकूर. कलम १२४ सांगतं, की माल जप्त करण्याआधी मालकाला कारणं कळवायची, त्याचं म्हणणं ऐकायचं. मालकाने विनंती केली तर नोटीस तोंडीही चालते. त्या सवलतीचा आधार घेऊन छापील कागदावर सही घेतली की सगळी पायरीच गळते. मे महिन्यात टपालाने आदेश आला तो याच सहीवर उभा होता: चारही दागिने जप्त, सोडवायचे तर शुल्क आणि दंड, आणि वर काकूंना स्वतःला शास्ती.

लग्न तोवर होऊन गेलं होतं. बोहल्यावर नवरदेवाच्या गळ्यात मामाने दिलेली साखळी होती.

पुसदहून काय करता आलं

पहिल्या आठवड्यातच आम्ही जबाब मागे घेतला. काकूंनी मराठीत, स्वतःच्या शब्दांत सांगितलं, मी लिहिलं, वाचून दाखवलं, नोटरीसमोर प्रतिज्ञापत्र केलं आणि स्पीड पोस्टने सीमाशुल्क आयुक्तांना पाठवलं. इथे घाई महत्त्वाची. मागे घेतलेला जबाबही खरा आणि स्वखुशीचा वाटला तर ग्राह्य धरता येतो, असा १९९७चा निकाल आहे. वर्षभराने मागे घेतला तर तो वकिलाच्या डोक्यातून आला असं कोणीही म्हणणार. त्याच पाकिटात खोलीबाहेरचं सीसीटीव्ही चित्रण राखून ठेवण्याची विनंती होती. चित्रण पुसलं गेल्याचं उत्तर आलं.

मग पुरावा. सोन्याच्या बाबतीत कलम १२३ ओझं उलटवतं: हे चोरून आणलेलं नाही हे ज्याच्याकडून सोनं धरलं त्यानेच दाखवायचं. काकू म्हणाल्या, एकदाणी त्यांच्या लग्नाच्या दुसऱ्या वर्षीची, कापूस चांगला झाला तेव्हाची. सोनाराची पावती कुठून असणार? तो सोनार वारला, दुकान मोडलं. थोरल्या मुलीच्या लग्नाच्या अल्बममध्ये काकूंच्या गळ्यात एकदाणी दिसत होती, पण फोटोवरून वजन कळत नाही.

उत्तर सापडलं ते पेरणीच्या कर्जात. आमच्याकडे मृग लागायच्या सुमारास बियाणं-खतासाठी घरातलं सोनं गहाण पडतं. काकूंच्या यजमानांनी जून २०२१ मध्ये तालुक्याच्या पतसंस्थेत सोनेतारण केलं होतं आणि दिवाळीनंतर कापूस विकून सोडवलं होतं. पतसंस्थेच्या मूल्यांककाने लिहिलेली पावती ट्रंकेत जमिनीच्या कागदांबरोबर निघाली: एकदाणी एक नग, २४ ग्रॅम. पाटल्या दोन नग, ३१ ग्रॅम. कस्टमच्या पंचनाम्याने चार नग सत्तर ग्रॅम असं एका ओळीत लिहिलं होतं, पण सोबतच्या मूल्यांकन पत्रकात वजनं वेगवेगळी होती: २४, ३१ आणि १५. जो दागिना २०२१ साली पुसदच्या पतसंस्थेच्या तिजोरीत होता, तो २०२४ मध्ये शारजात विकत घेतला असं म्हणणारा जबाब खोटा ठरत होता, आणि तेही एका शपथेविरुद्ध दुसरी शपथ न ठेवता, एका संस्थेच्या नोंदवहीवरून. पतसंस्थेच्या व्यवस्थापकांनी नोंदवहीची प्रमाणित प्रत दिली. इतकी वर्षं मी सोनेतारणाकडे शेतकऱ्याच्या अडचणीची खूण म्हणून बघत आले आहे, इथे त्यानेच घर वाचवलं.

कायद्याची बाजूही अगदी सरळ नव्हती. २०१६च्या नियमांत 'वैयक्तिक वापराच्या वस्तूं'तून दागिने वगळलेले होते. सरकारी बाजू त्यावर उभी होती: जुने असोत की नवे, दागिने ते दागिने. आम्ही दिल्ली उच्च न्यायालयाचा २०२४चा निकाल दाखवला, ज्यात नियमांतले 'दागिने' आणि प्रवाशाचे स्वतःचे, नेहमी वापरातले दागिने यांत फरक केला आहे. दिल्लीचा निकाल महाराष्ट्रात बंधनकारक नाही, विचारात घेता येतो इतकंच. पण आमचा पाया त्याहून साधा होता. जे सोनं भारतातूनच अंगावर घालून गेलं आणि तसंच परत आलं, त्यावर आयात कसली?

जाताना कस्टमकडून निर्यात प्रमाणपत्र घेतलं असतं तर हा वादच झाला नसता. निघण्याआधी दागिने दाखवायचे, वर्णन आणि वजन लिहून घ्यायचं, परतताना तो कागद दाखवायचा. ही सोय आहे. तिकीट काढून देणाऱ्या एजंटाने ती काकूंना सांगितली नाही. त्यालाही ती माहीत नव्हती. आता आखातात जाणाऱ्या घरांतल्या बायांना मी ही गोष्ट आधी सांगते आणि सोबत दागिन्यांचे तारखेसह फोटो व एखाद्या सोनाराचं वजनाचं पत्र घेऊन ठेवायला लावते.

अपील

आदेश मिळाल्यापासून साठ दिवसांत कलम १२८ खाली आयुक्त (अपील) यांच्याकडे जावं लागतं. वादातल्या रकमेच्या साडेसात टक्के आधी भरावे लागतात. ते पैसे शारजाहून आले. अपील जुलैत दाखल झालं, सुनावणी पुढच्या वर्षी लागली. मधल्या काळात, फेब्रुवारी २०२५ मध्ये, दिल्ली उच्च न्यायालयाने छापील कागदावर नोटीस आणि सुनावणीचा हक्क सोडून घेण्याची पद्धत कायद्याला धरून नाही, असं ठरवलं. आमचा दुसरा कागद जवळपास तसाच होता. त्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने राधिका अग्रवाल प्रकरणात सीमाशुल्क अधिकाऱ्यांच्या अटकेलाही फौजदारी प्रक्रियेतली संरक्षणं लागू होतात असं सांगितलं. काकूंना कागदोपत्री अटक नसल्याने तो निकाल आम्हाला थेट लागू झाला नाही.

सुनावणीला काकू स्वतः आल्या. अपील अधिकाऱ्यांनी मराठीत विचारलं, त्यांनी मराठीत सांगितलं. गोफाचं विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, "व्हय साहेब, थो नवा व्हता, तेवढं सांगाचं राहून गेलं." हे उत्तर मी त्यांना शिकवलेलं नव्हतं. माझ्या मते त्या एका वाक्याने बाकीच्या तीन दागिन्यांवरचा त्यांचा शब्द विश्वासाचा ठरला.

आदेश असा झाला: सुनावणीविना केलेली जप्ती एकदाणी आणि पाटल्यांपुरती रद्द, ते दागिने शुल्काशिवाय परत. गोफाची माहिती दिली नव्हती, त्यामुळे त्याची जप्ती योग्य, पण शुल्क आणि कमी केलेला दंड भरून तो सोडवता येईल. तेव्हा अशा सामानावर शुल्काचा दर अधिभारासह ३८.५ टक्के होता. शास्तीही कमी झाली. गोफाचं शुल्क आणि दंड मिळून रक्कम त्याच्या किमतीच्या निम्म्याहून जास्त होत होती. तरी घरच्यांनी तो सोडवला, थोरल्याने दिलेला आहे म्हणून.

रात्रीचा जबाब, दुभाष्या नसणं, बाहेर निरोप न देणं, यांवर आदेशात एक ओळ नाही. पुरावा पतसंस्थेच्या कागदाने सिद्ध झाला, तेव्हा जबाबाच्या वैधतेत जाण्याची गरज उरत नाही, असं कारण दिलं. सामानाच्या प्रकरणात पुढची पायरी न्यायाधिकरणाकडे जात नाही, कलम १२९डीडी खाली केंद्र सरकारकडे पुनरीक्षण अर्ज करावा लागतो, मुदत तीन महिने. त्यापुढे नागपूर खंडपीठ होतं. मी काकूंना दोन्ही मार्ग समजावून सांगितले आणि तो मुद्दा लढवावा असं माझं मत असल्याचंही सांगितलं. त्यांनी घरी विचारून नकार कळवला. दागिने हातात आले होते आणि सोयाबीनची पेरणी तोंडावर होती. मुदत संपली, तेव्हा मी फाइल बंद केली. त्या जबाबाबद्दल कोणत्याही अधिकाऱ्याने वा न्यायालयाने अजून काहीही ठरवलेलं नाही.